धंतोलीतली एनसीव्ही-ईएमजी तपासणी: पाचपैकी चार तारे

माझं नागपूरला महाल भागात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं रात्री बधिर व्हायची, दिवसा हुक लावताना सुई सुटायची. हाडाच्या डॉक्टरांना दोन शंका होत्या. नस मनगटात दाबली जातेय, की दुखणं मानेतून उतरतंय? मानेचा एमआरआय काढला तर चाळिशीनंतर कोणाच्याही मानेत काही ना काही निघतंच, म्हणून आधी ही तपासणी करून या म्हणाले. एनसीव्हीत झटका देऊन नसेचा वेग मोजतात, ईएमजीत सुई घालून स्नायू तपासतात.

दुकानात येणाऱ्या बायकांनी भरपूर घाबरवलं होतं. "शॉक देतात, वरून सुया टोचतात!" सुयांचं भेव मला कोणी घालावं? शॉकचं मात्र होतं.

जानेवारीतली सकाळ, गाडीवर हात गार पडलेले. टेक्निशियन मुलीने हाताला तापमापी लावली आणि मशीन सुरूच केली नाही. कोमट पाण्याचं भांडं आणून म्हणाली, "काकू, हात बुडवून बसा. गार हातात नस हळू चालते, उगाच रोग दिसेल." कातडी ३२ अंशांवर आल्यावरच तिने वायरी चिकटवल्या. माझ्या मते या सेंटरची खरी किंमत इथेच वसूल झाली. मशीन काय, सगळीकडेच असते.

मग शॉक. मनगटावर दोन टोकांचं यंत्र टेकवते, टक् होतं आणि अंगठा आपल्या मर्जीविना उडतो. करंट वाढवत नेते तसा झटका वाढतो. शेवटचे दोन-तीन जोरात लागतात, खोटं कशाला सांगू, पण झटका संपला की दुखणंही संपतं. तसंच कोपरापाशी. मग तिने टेप काढली आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. टेप जरा सैल धरली होती. मी सांगितलं, "बाई, ताणून धर." ती हसली, पण परत मोजलं हो! अंतराला वेळेने भागूनच नसेचा वेग निघतो, तेव्हा टेपमध्ये चूक म्हणजे रिपोर्टमध्ये चूक. माझं अंतर २१ सेंटिमीटर, वेळेतला फरक ३.८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. कोपर ते मनगट नस ठणठणीत. मनगटाच्या पुढे मात्र ५.४ मिलिसेकंद लागले. यांच्या रिपोर्टवर मर्यादा ४.२ छापलेली आहे.

सगळ्यात आवडली ती अनामिकेची तपासणी. या एका बोटाला दोन नसा येतात, अर्धी बाजू अंगठ्याकडच्या नसेची, अर्धी करंगळीकडच्या. बोटात तारेच्या रिंगा घालून मनगटावर आधी एका नसेला, मग तेवढ्याच अंतरावरून दुसरीला झटका देतात. बोट तेच, अंतर तेच, आणि एकीचा निरोप उशिरा पोचला. स्क्रीनवर मलाही दिसलं.

सुई डॉक्टरांनी स्वतः घातली. अंगठ्याच्या गादीत, दंडात, खांद्याजवळ. या सुईतून करंट जात नाही, ती फक्त स्नायूचं ऐकते आणि आवाज स्पीकरवर येतो. हात ढिला सोडला की शांतता, अंगठा दाबला की खरखर. नस तुटत चाललेली असेल तर ढिल्या हातातही टिनावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे पाऊस नव्हता. गादीत सुई बऱ्यापैकी दुखते, बाकी ठिकाणी काही विशेष नाही.

निदान: उजवीकडे मध्यम कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली जाणं, डावीकडे सौम्य, मान सुटली. औषध इथे देत नाहीत, रिपोर्ट पाठवणाऱ्या डॉक्टरांकडेच न्यायचा. रात्री मनगटाला पट्टा लावते आहे, ऑपरेशनचं नंतर बघू म्हणालेत.

एक तारा कापला तो काउंटरसाठी. फोनवर सांगितलेले पैसे फक्त एनसीव्हीचे होते, ईएमजीचे वेगळे, हे बिलाच्या वेळी कळलं. आणि अपॉइंटमेंट घेताना कोणी सांगत नाही की हाताला तेल-क्रीम लावून येऊ नका, बांगड्या-अंगठ्या काढाव्या लागतात. माझ्या पुढच्या आजींच्या पाटल्या साबणाने काढताना अर्धा तास गेला. पेसमेकर किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर तेही तिथे पोचल्यावर विचारतात, तुम्ही फोनवरच सांगून टाका. उपाशी जायची गरज नाही.

बाही सैल घाला, दंडापर्यंत वर जाईल अशी. मी स्वतः शिवलेला कोपरापर्यंतचा फिटिंगचा ब्लाउज घालून गेले होते, डॉक्टर काही बोलले नाहीत, पण नर्सबाईंनी शिवणाऱ्याचा पत्ता विचारला. गाडी यशवंत स्टेडियमच्या बाजूला लावा, सेंटरसमोर जागा मिळत नाही.