रात्री वाजणारा सायरन आणि बोनेटचा दीडशे रुपयांचा स्विच

ज्यांच्या गाडीला बाहेरून बसवलेला अलार्म आहे आणि तो पावसाळ्यात उगाच वाजतो त्यांनी हे नक्की वाचा, कारण मी पूर्ण सिस्टिम बदलायच्या तयारीत होते आणि बिघाड निघाला बोटभर लांबीच्या एका स्विचमध्ये.

आमची २०१३ ची वॅगनार, सेकंड हँड घेतलेली, अलार्म आधीच्या मालकाने बसवून घेतलेला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसं रात्री दोन-अडीचला सायरन वाजायला लागला. मी गॅलरीत जाऊन रिमोट दाबायचे, बंद व्हायचा, अर्ध्या तासाने परत सुरू. पुण्यात धायरीला आमच्या सोसायटीचं पार्किंग उघड्यावर आहे आणि गाडीच्या बरोब्बर वर पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात, बायपास झालेल्या. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत पण सकाळी दूध घ्यायला खाली आल्या की त्यांचे सुजलेले डोळे बघून मलाच अपराधी वाटायचं. मग मी अलार्म न लावता नुसती चावीने लॉक करायला लागले, पण त्यातही जीवाला चैन नव्हतं, कारण मार्चमध्येच आमच्या लाइनीतल्या एका रिक्षाची बॅटरी रात्रीतून चोरीला गेली होती. बोनेटला सेन्सर, म्हणजे हाच स्विच, असतो तो त्यासाठीच ना, बोनेट उघडून बॅटरी काढू नये किंवा सायरनचीच वायर कापू नये म्हणून.

पहिल्यांदा एका मोठ्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने बोनेट उघडलं, टेस्ट लॅम्प लावला, स्विच दाबला की बल्ब विझतोय आणि सोडला की लागतोय, म्हणजे स्विच ओके असं सांगून मोकळा झाला. मग म्हणे शॉक सेन्सर खराब असेल, नाहीतर मेन युनिट, आता या जुन्या सिस्टिमचं काही मिळत नाही, नवीन किट टाका, ३२०० रुपये. मी विचारलं की शॉक सेन्सर असेल तर मग ट्रक गेल्यावर, कुणी गाडीला टेकल्यावर वाजायला हवा ना, माझी गाडी तर फक्त पाऊस पडल्यावर नाहीतर धुतल्यावर वाजते. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी गाडी घेऊन निघाले.

नंतर आमच्या भागातच रस्त्याकडेला छोटं शटर असलेले एक वायरमन काका आहेत त्यांच्याकडे गेले, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्या कामाचा आहे. त्यांनी काही उघडायच्या आधी मला विचारलं, "ताई, वाजतो तेव्हा पाऊस चालू असतो का थांबून गेलेला असतो?" मी म्हणलं दोन्ही वेळेला. "आणि कडक उन्हात बोनेट उघडलं तर वाजतो का?" ते मी कधी बघितलंच नव्हतं. तिथेच अलार्म लावून बघितला तर बोनेट उघडून सुद्धा सायरन कधी वाजला, कधी वाजलाच नाही! म्हणजे नको तेव्हा वाजत होता आणि हवा तेव्हा वाजेल याची खात्री नव्हती, हे कळल्यावर मला खरंच भीती वाटली.

त्यांनी समजावलं ते असं. बऱ्याच बाहेरच्या अलार्मची बोनेटच्या वायरला अर्थ मिळाला, म्हणजे ती गाडीच्या पत्र्याला टेकली, की सायरन वाजतो, आमचाही तसाच. बोनेट बंद असलं की पिन खाली दाबलेली, कॉन्टॅक्ट तुटलेला. बोनेट उघडलं की स्प्रिंगने पिन वर येते, वायर बॉडीला जोडली जाते, सायरन. आता स्विचच्या आत पाणी आणि गंज साठला की पिन दाबलेली असूनही त्या ओलाव्यातून थोडा थोडा अर्थ मिळत राहतो. टेस्ट लॅम्पचा बल्ब पेटायला बऱ्यापैकी करंट लागतो, एवढ्याशा गळतीने तो पेटत नाही, म्हणून पहिल्या मुलाला स्विच चांगला वाटला. काकांनी वायर काढली, मल्टिमीटर लावला, स्विचवर बाटलीच्या झाकणाने थोडं पाणी टाकलं आणि पिन दाबून धरली. आकडा हलायला लागला. कोरडा आणि चांगला स्विच असता तर मीटरने काहीच दाखवायला नको होतं.

पण त्यांनी लगेच स्विच विकला नाही. वायरच्या टोकाला टेप लावून मोकळी ठेवली आणि म्हणाले दोन रात्री अशीच लावा, नाही वाजला तर समजा स्विचच, वाजला तर परत या, पुढे बघू. दोन्ही रात्री पाऊस झाला आणि सायरन गप्प. आजींच्या घरातला दिवा पण रात्री लागला नाही. मात्र हे फक्त तपासापुरतंच करा, वायर मोकळी असेपर्यंत बोनेटला काहीच राखण नसते. आणि ज्यांच्या गाडीत रिमोटने इंजिन सुरू होतं त्यांनी तर ही वायर अजिबात बायपास करू नका, बोनेट उघडं असताना, कुणाचा हात आत असताना गाडी सुरू होऊ नये म्हणून तीच वायर असते.

स्विच मी नाना पेठेतून आणला, तिथे अलार्मच्या सुट्ट्या सामानाची दुकानं आहेत. एकात ६० रुपयांचा पातळ पत्र्याचा होता, दाबला की पिन आत तिरकी व्हायची. दुसऱ्यात १५० चा, पितळी बॉडी, बाहेरून आटे, वर रबरी बूट, पिन सरळ खाली जाऊन टक्कन वर येते. तो घेतला. बूट मात्र जरा कडक वाटला आणि सोबत आलेला टॅग (वायर जोडायची पत्र्याची क्लिप) अगदीच हलका होता, काकांनी तो फेकून स्वतःकडचा लावला. तेवढं सोडलं तर दीडशेच्या मानाने वस्तू चांगली आहे.

जुना स्विच बाहेर काढल्यावर माझ्या हातावर ठेवला. वरचं रबर फाटून नुसती कडा उरलेली, पितळेवर हिरवा थर, आणि अंगठ्याने दाबला की पिन खाली जाऊन अर्ध्यातच अडकायची, मग नखाने ओढावी लागायची, म्हणूनच बोनेट उघडूनही सायरन कधी कधी वाजत नव्हता. तो बसवला होता तोही चुकीच्या जागी, बोनेटच्या कडेला जिथून पावसाचं पाणी वाहून जातं त्या पन्हाळीतच. इतकी वर्षं प्रत्येक पावसाचं पाणी त्याच्या अंगावरून गेलंय, तो सडणारच होता. नवीन स्विच परत तिथेच लावला असता तर दोन-तीन वर्षांत हेच झालं असतं.

म्हणून काकांनी बॅटरीची निगेटिव्ह काढून साधारण दोन इंच आतल्या बाजूला, उंचवट्यावर नवीन भोक पाडलं. आणि आता जे सांगते ते नीट बघून घ्या, कारण घाईत हेच राहून जातं. या स्विचला अर्थ त्याच्या बॉडीतूनच मिळतो, मधे रंग असेल तर बोनेट उघडूनही अलार्म वाजणार नाही, म्हणून त्यांनी भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, स्विच आवळला आणि मगच उघड्या पत्र्यावर ग्रीस लावलं. जुनं भोक रबरी ग्रोमेटने बुजवलं. मग पिनची उंची. त्यांच्याकडे एका डबीत चिकणमाती होती, तिचा छोटा गोळा पिनच्या डोक्यावर ठेवला, बोनेट हळूच बंद केलं, परत उघडलं आणि गोळा किती चेपला ते तुटक्या पट्टीने मोजलं. पिन तीन मिलिमीटर लांब पडत होती, टोकाचं प्लॅस्टिक हॅक्सॉने तेवढंच कापलं. लांब राहिली तर बोनेटला आतून टोचून वर टेंगूळ येतं, आखूड झाली तर खड्ड्यात गाडी आदळली की कॉन्टॅक्ट होतो. पिन बोनेटच्या आतल्या जाड फ्रेमवरच टेकतीय ना, हेही त्यांनी मला वाकून बघायला लावलं.

शेवटची टेस्ट तुम्हाला घरी पण करता येईल. काच खाली ठेवून रिमोटने लॉक केलं, अलार्म चालू व्हायला मिनिटभर थांबलो, शॉक सेन्सरची सेटिंग तेवढ्यापुरती कमी केली आणि काचेतून हात घालून बोनेटचा लिव्हर ओढला. बोनेट फक्त पहिल्या खटक्यापर्यंत उचललं आणि तेवढ्यात सायरन सुरू. चोराचा हात आत जायच्या आधीच वाजला पाहिजे, पूर्ण उघडल्यावर वाजून काय उपयोग, असं काका म्हणाले आणि मला ते पटलं.

बऱ्याच नव्या गाड्यांत कंपनीकडूनच आलेला अलार्म असतो, त्यांत बऱ्याचदा हा स्विच बोनेटच्या लॉकमध्येच असतो आणि काहींमध्ये हिशोब उलटा, वायर तुटली तर गाडी बोनेट उघडं आहे असं धरते. तिथे वायर काढून बघायचा प्रयोग करू नका, आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र) लावून घ्या.

खर्च स्विच १५०, मजुरी ३००, काम पाऊण तासाचं. आधी दोन दिवस तपासणीसाठी गेले त्याचे पैसे काकांनी घेतले नाहीत, मी देत होते तरी. दुकान रविवारी बंद असतं, फोनवर नीट बोलत नाहीत, गाडी घेऊनच जावं लागतं आणि कार्ड चालत नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

हे काम जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं. त्यानंतर सगळा पावसाळा गाडी उघड्यावर उभी होती, अलार्म रोज लावलेला, एकदाही उगाच वाजला नाही. परवा बोनेट उघडून बूट बघितला, अजून धड आहे, खाली पितळ कोरडं. गेल्या आठवड्यात आजी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "गाडी विकलीस का गं? आवाज येत नाही हल्ली." मी त्यांना खाली नेऊन नवीन स्विच दाखवला.