पुढे ४३-८, मागे ३९-८ : इंजिन बदललेल्या जुन्या जीपच्या व्यवहारात झालेली फसवणूक

आंबिया बहाराचे पैसे हातात आले की आमच्या मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातले अनेक शेतकरी जुन्या फोर-बाय-फोर जीपच्या शोधात निघतात, कारण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून बागेपर्यंत जाणारे दुसरे वाहन आमच्या खिशाला परवडत नाही. शेजारच्या जिल्ह्यात महामार्गालगत जुन्या जीप विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने मला अशाच गरजेपोटी २,९०,००० रुपयांना फसवले. त्यापैकी २०,००० रुपये विसार म्हणून यूपीआयने, १,००,००० बँकेतून आणि त्याच्याच आग्रहावरून १,७०,००० रोख दिले. रोख रकमेची पावती त्याने शेवटपर्यंत दिली नाही.

गाडी महिंद्राची सीजे-३बी होती. तिचे मूळ पेट्रोल इंजिन काढून जुन्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन बसवलेले होते. इंजिन बदल आरसीवर रीतसर नोंदवलेला होता, इंजिन आणि चेसिस क्रमांक मी स्वतः कागदाशी ताडून पाहिले, आणि ते जुळले. कागद स्वच्छ असलेल्या गाडीचे पोट कापून पाहावे, असे कोणत्याही साध्या खरेदीदाराला सुचणार नाही.

मात्र एका क्षणाची आठवण अजूनही मला स्वस्थ बसू देत नाही. व्यापाऱ्याच्या मुरमाच्या आवारात त्याच्या मुलाने फोर-बाय-फोर टाकून गाडी सरळ चालवून दाखवली आणि थांबल्यावर ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, लिव्हर मागे ओढला, तर तो हलेना. मुलाने काही न बोलता गाडी रिव्हर्समध्ये दोन-तीन मीटर मागे घेतली, खालून ‘खट्’ असा आवाज झाला आणि लिव्हर सुटला. मी विचारले, तेव्हा व्यापारी म्हणाला, “भाऊ, जुन्या जीपचं असंच रायते.” तो ‘खट्’ आवाज म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये साठलेला पीळ मोकळा होण्याचा आवाज होता. सरळ रेषेत एवढ्याशा चालीत असा पीळ साठत असेल, तर दोन्ही एक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) वेगळे आहे किंवा टायर लहान-मोठे आहेत, असेच समजावे. मुलाला रिव्हर्स घेण्याची युक्ती ठाऊक होती, याचा अर्थ दोषही ठाऊक होता. “डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर टाकू नका, गिअर फुटेल,” असे व्यापाऱ्याने वर बजावलेही होते, आणि हा सल्ला मुळात खरा असल्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सेंटर डिफरेन्शियल नसलेल्या कोणत्याही जीपला तो लागू पडतो. खऱ्या सल्ल्याच्या आड त्याने दोष लपवला.

पहिल्या मोठ्या पावसात पांदणीतून बाहेर पडून सिमेंट रस्त्यावर आलो, तेव्हा लिव्हर अडकला तो अडकलाच. रिव्हर्स घेऊनही सुटला नाही. थोडे अंतर जाताच पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला जोड, तुटला, सुटलेला शाफ्ट ट्रान्सफर केसवर आदळला, हाउसिंगला तडा गेला आणि सगळे ऑइल रस्त्यावर सांडले.

अमरावतीच्या मिस्त्रीने रंगाचे थर खरवडले, तेव्हा पुढच्या डिफरेन्शियलच्या कव्हरवर बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी सापडली. तिच्यावर ४३-८ असे ठोकलेले होते, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचे (क्राऊनचे) ४३ दात, त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरचे (पिनियनचे) ८, गुणोत्तर ५.३८. मागची पट्टी गायब होती. कव्हर उघडून मोजले तर क्राऊन ३९ आणि पिनियन ८ दातांचा निघाला, म्हणजे ४.८८. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनाइतक्या फेऱ्यांवर फिरत नसल्यामुळे रस्त्यावर वेग मिळावा म्हणून कोणीतरी मागचा क्राऊन-पिनियन बदलला आणि खर्च वाचवण्यासाठी पुढचा तसाच ठेवला. टायर सारखेच असले, तरी मागची चाके शंभर मीटर जाण्याइतकी फिरतात तेव्हा पुढची एक्क्याण्णव मीटरांपुरतीच फिरतात. ओल्या चिखलात चाके घसरून हा फरक जिरतो, पक्क्या रस्त्यावर तो लोखंडावर येतो. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली अडॅप्टर प्लेट केंद्रात नसल्यामुळे गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे पायलट बुश अंडाकृती झिजले होते.

ट्रान्सफर केसला ३१,४००, शाफ्ट आणि क्रॉसला ६,८५०, क्लच, बुश आणि अडॅप्टरच्या कामाला १८,२००, जुन्या बाजारातल्या जुळत्या क्राऊन-पिनियनला १४,५०० आणि गाडी ओढून नेण्यास ४,५००, असे ७५,४५० रुपये वर गेले.

विसार देण्याआधी हे करा. ट्रान्सफर केस टू-व्हीलवर आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. एका एक्सलचे एकच चाक जॅकने उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडा, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे पाच फेरे होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक फिरणे झाले, तर ५.३८ समजा. पाच फेरे पुरते भरले नाहीत, तर ४.८८. पुढच्या एक्सललाही हेच करा, आणि पुढची चाके एक्सलपासून सुटी करणारे फ्री-व्हील हब असतील तर ते आधी लॉक करा. दोन्हीकडचा आकडा एकच आला पाहिजे. विक्रेता जॅक लावू देत नसेल, तर तिथून निघा.

आता सरकारी दारांविषयी. आरटीओ कार्यालयात सांगण्यात आले की आरसीवर एक्सलच्या गुणोत्तराची नोंदच नसते, त्यामुळे हा त्यांचा विषय नाही. मग इंजिन बदलाला मंजुरी देताना गाडी तपासली म्हणजे नेमके काय तपासले, या प्रश्नाला तिथे कोणी उत्तर दिले नाही. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार घेऊन गेलो, तर “हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा” असे सांगून माझा कागद नुसता अर्ज म्हणून ठेवून घेतला. वर मलाच विचारण्यात आले की पावती १,२०,००० ची असताना मी २,९०,००० कसे म्हणतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने तक्रार पाठवली, तेव्हा ती चौकशीसाठी पुन्हा त्याच ठाण्यात आली आणि त्याच हवालदाराने मला फोन करून विचारले की मी वरपर्यंत का गेलो. दोष माहीत असून लपवणे आणि पैसे घेणे हा गुन्हा आहे, करारभंगाचा वाद नव्हे, हे एका शेतकऱ्याने ठाण्यात समजावून सांगावे लागते याचा मला संताप आहे. ज्यांनी माझे ऐकायचे ते सगळे पगार घेऊन खुर्चीत बसलेले आहेत, आणि मी मात्र बागेचे पाणी सोडून त्यांच्या दारात उभा आहे.

म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. विक्रेता व्यापारी असल्यामुळे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याला लागू होतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. मिस्त्रीकडून दातांचा लेखी अहवाल घ्या, उघडलेल्या डिफरेन्शियलचे फोटो काढा आणि जुने क्राऊन-पिनियन भंगारात देऊ नका, तेच पुरावा आहे. ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करू नका. ते वाक्य आता आयोगापुढे माझ्याविरुद्ध वापरले जात आहे. त्या व्यापाऱ्याच्या आवारात सध्या आणखी एक डिझेल केलेली सीजे-३बी विक्रीला उभी आहे. ती पाहायला जाणाऱ्याने जॅक, खडू आणि स्वतःचा मिस्त्री बरोबर न्यावा, आणि दोन्ही एक्सलचे दात पावतीवर लिहून मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.