नौदल तळावरील आनंदमेळा: खाऊगल्लीपेक्षा मंडप सरस

जुन्या गोव्यातील सेंट झेवियरच्या फेस्ताची गर्दी ओसरते न ओसरते तोच ४ डिसेंबरचा नौदल दिन येतो. १९७१ च्या युद्धात क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. त्याच सुमारास दक्षिण गोव्यातील नौदलाच्या एका तळावर सर्वसामान्य नागरिकांसाठी आनंदमेळा भरला होता. प्रवेश विनामूल्य होता, मात्र ओळखपत्र अनिवार्य होते आणि मोबाईल फाटकावरच जमा करावे लागत होते. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम योग्यच म्हणावा लागेल. पण मग आतील खाद्यपदार्थांची कुपने केवळ रोख पैशांत मिळणार, ही सूचना आधीच द्यायला हवी होती. सगळे व्यवहार मोबाईलवरून करण्याची सवय झालेली कितीतरी कुटुंबे कुपनांच्या टेबलापाशी खिसे चाचपत उभी होती आणि त्यांतील काहींना पैसे काढण्यासाठी उन्हातून पुन्हा फाटकाबाहेर जावे लागले.

मेळ्यात खरोखर वेळ द्यावा असे ठिकाण म्हणजे नौदलाच्या हवाई शाखेचा मंडप. तेथे विमानवाहू नौकेची मोठी प्रतिकृती मांडली होती आणि तिच्याभोवती उभे असलेले नौसैनिक, पाठ केलेले भाषण न करता, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होते. दाबोळीच्या आकाशात घोंघावणारी मिग-२९ के विमाने वास्को आणि चिखलीच्या रहिवाशांना नवी नाहीत, परंतु ती नौकेच्या आखूड धावपट्टीवर उतरतात कशी, हे बहुतेकांना ठाऊक नसते. विमानाच्या शेपटीखालचा आकडा धावपट्टीवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान काही सेकंदांत जागीच थांबते, असे बोलण्यावरून सिंधुदुर्गाकडचा वाटणारा एक नौसैनिक मराठीत समजावून सांगत होता. ‘आणि दोर चुकला तर?’ असे एका आजींनी विचारताच, नेमक्या त्याच शक्यतेसाठी वैमानिक टेकतानाच इंजिनाचा जोर पूर्ण वाढवतो, म्हणजे आकडा अडकला नाही तरी त्याला पुन्हा उड्डाण घेता येते, असे उत्तर त्यांना मिळाले. २०१६ मध्ये निवृत्त झालेल्या नौदलाच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाला या दोराची गरजच नव्हती, कारण इंजिनाची चार तोंडे खाली वळवून ते उभ्या उभ्या उतरू शकत असे. उड्डाणासाठी नौकेच्या टोकाशी जी चढण असते, तशीच एक सरावासाठी दाबोळीत जमिनीवर बांधलेली आहे, हीही माहिती याच मंडपात मिळाली. हातात मोबाईल नसल्यामुळे लोक छायाचित्रे न काढता ऐकत होते, हा त्या नियमाचा अनपेक्षित फायदा.

पाण्यात पडलेल्या माणसाला हेलिकॉप्टरमधून दोर सोडून वर खेचण्याचे प्रात्यक्षिक नेटके झाले. मात्र हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने उडालेली धूळ थेट खाऊगल्लीवर गेली. जागेची आखणी करताना एवढा विचार व्हायला हरकत नव्हती. नौदल कुटुंबातील महिलांनी मांडलेल्या या खाऊगल्लीत लिट्टी-चोखा उत्तम होता, मोमो बेताचे होते, आणि गोव्याचे म्हणावे असे जत्रेतल्या खाज्याखेरीज काहीच नव्हते. रस-ऑमलेटचा एखादा गाडा आत येऊ दिला असता, तर निम्मी गर्दी तिकडेच वळली असती. न वापरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळत नव्हते, म्हणून ती थोडी थोडी घेणेच श्रेयस्कर ठरले.

सायंकाळी शाळकरी मुलांच्या, घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने गायलेल्या आरतीपाठोपाठ नौदलाच्या वाद्यवृंदाचे वादन झाले आणि दोन्ही कार्यक्रम वेळेवर सुरू झाले. निवेदन केवळ हिंदी आणि इंग्रजीत होते; स्थानिक नागरिकांसाठी भरवलेल्या मेळ्यात दोन वाक्ये कोकणी-मराठीत असती, तर ते अधिक शोभले असते. त्याहून खटकली ती इतिहासाच्या फलकांची जागा. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, अंजदीव बेटावर उतरलेल्या नौसैनिकांपैकी सात जण कामी आले. गोव्याच्या भूमीशी नौदलाचे जे नाते आहे, त्यातील हा प्रसंग सर्वांत मोलाचा. पण त्याची माहिती देणारा फलक वाहनतळाकडे जाणाऱ्या वाटेवर, जनरेटरच्या आडोशाला लावला होता आणि तेथे थांबून तो वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सकाळी फाटक उघडताच पोहोचावे, टोपी, पाणी आणि सुटे पैसे बरोबर ठेवावेत आणि खाण्याकडे वळण्याआधी मंडप पाहून घ्यावा, कारण दुपारनंतर तेथील रांग वाढत जाते. ज्यांना मेळ्याला जाणे जमले नाही, त्यांच्यासाठी बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालय सोमवार वगळता खुले असते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या आवारात सी हॅरियर, सी हॉक आणि अलीझे यांच्याबरोबरच मूळचे एअर इंडियाचे अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन विमानही जवळून पाहता येते.