आठ महिन्यांनंतर: ‘मसाजर’ नेमका कशाचा आहे?

सिलिकॉनचा मसाजर (नाव तेवढंच, खरं तर व्हायब्रेटर) घेऊन आठ महिने झाले. पण आधी त्याच्या अगोदरच्याविषयी, कारण शहाणपण त्याने शिकवलं.

तो ऑनलाइन घेतला, सहाशे रुपयांना. गुलाबी, जेलीसारखा लिबलिबीत. डबा उघडताच नव्या रेनकोटचा वास. चार वेळा धुतला तरी जाईना, आणि घरात सासूबाई असताना उन्हात ठेवायची सोय नाही! दोन महिन्यांत चिकट झाला, रुमालाचे धागे त्याला लागू लागले. मग माझी जळजळ सुरू झाली. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, “कशाचा बनलाय?” मला सांगता येईना. डब्यावर नुसतं ‘बॉडी-सेफ’. आयातदाराचं नावही नाही. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे, “मॅडम, मसाजर आहे, वरून वापरायचा.”

असा मऊपणा बरेचदा पीव्हीसी प्लास्टिकमध्ये थॅलेट नावाची, मऊ करणारी रसायनं मिसळून आणतात. थॅलेट प्लास्टिकला पक्कं बांधलेलं नसतं, हळूहळू बाहेर झिरपतं. युरोपीय संघात चार थॅलेटांना वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. २०२१मध्ये तर खास सेक्स टॉइजसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. आपल्याकडे त्याच वर्षापासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. माझ्या दोन्ही डब्यांवर मात्र कसलंच चिन्ह नव्हतं. बॉडी मसाजर अश्लील ठरवून कस्टमने अडवू नयेत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये दिला. छानच झालं. आता माल कशाचा आहे तेही कुणी डब्यावर छापावं. आणि हो, वास नाही म्हणजे वस्तू चांगलीच, असंही समजू नका.

नवा बत्तीसशेचा. महाग वाटला. पण डब्यावर ‘पूर्ण सिलिकॉन’, आयातदाराचा पत्ता, मूळ देश, सगळं होतं. चांगल्या सिलिकॉनला छिद्रं नसतात, त्यामुळे घाण आत मुरत नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. उकळू मात्र नका, आत मोटर आहे. आठ महिन्यांत ना वास, ना चिकटपणा. जळजळही परत झाली नाही. एक चूक माझी: सिलिकॉनचंच वंगण लावलं आणि एका बाजूला खरखरीतपणा आला. आता फक्त पाण्यावर आधारित जेल. कंडोम वापरत असाल तर खोबरेल विसरा, तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं.

तक्रार चार्जरची. चुंबकावर चिकटतो म्हणे, पण जरा धक्का लागला की सुटतो, आणि सकाळी बघावं तर चार्जिंग शून्य. आवाजही सांगतात तितका कमी नाही. पंखा पाचवर ठेवावा लागतो.

जुना अजून ड्रॉवरच्या तळाशी वेगळ्या पिशवीत पडून आहे. बॅटरी असल्याने जायला हवा ई-कचऱ्यात. पण सोसायटीतली ती पेटी वॉचमनकाकांच्या खुर्चीला लागूनच आहे, आणि काका प्रत्येक वस्तू हातात घेऊन “ताई, हे चालू आहे का?” विचारतात.