'नॉक!' : आरपीजीचं छापील नियतकालिक कुणी घ्यावं?

टेबलटॉप आरपीजीचं (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायच्या खेळांचं) छापील मासिक म्हणजे बुडीत धंदा, असं म्हणणारे पुरावा म्हणून 'ड्रॅगन' आणि 'डंजन' या दोन मासिकांकडे बोट दाखवतात. १९७६ पासून निघणारं 'ड्रॅगन' ३५९ व्या अंकाला आणि १९८६ मध्ये सुरू झालेलं 'डंजन' १५० व्या अंकाला थांबलं. दोन्हींचा शेवटचा छापील अंक सप्टेंबर २००७ चा. पण तेव्हा दोन्ही मासिकं पायझो ही कंपनी परवान्यावर काढत होती, आणि मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो परवाना पुढे वाढवला नाही. पायझोने त्याच वर्षी ऑगस्टपासून 'पाथफाइंडर अ‍ॅडव्हेंचर पाथ' ही ९६ पानांची मासिक पुस्तिका सुरू केली. 'डंजन'मध्ये बारा-बारा अंक चालणाऱ्या मोहिमांचाच तो पुढचा अवतार होता. गेलं ते मासिकाचं नाव. टेबलावर वापरायचा मजकूर विकत घेणारा माणूस जागेवरच होता.

'नॉक!'चा हिशेब याच माणसावर बेतलेला आहे. द मेरी मशमेन या फ्रेंच प्रकाशकांचं हे इंग्रजी नियतकालिक. पहिल्या अंकाचे पैसे त्यांनी २०२० च्या अखेरीस किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर उभे केले. ए५ आकार, २१२ रंगीत पानं, वर काढता येणारं जॅकेट. बातम्या नाहीत, नव्या खेळांची परीक्षणं नाहीत, म्हणजे शिळं होण्यासारखं काहीच नाही. दरमहा येण्याचा वायदाही नाही. तयार झाला की निघतो, आणि आधी नोंदणी, मग छपाई. आपल्या दिवाळी अंकाशी त्याचं नातं मासिकापेक्षा जवळचं आहे. फरक इतकाच की दिवाळी अंक जाहिरातींवर तरतो आणि हा आगाऊ मागणीवर.

मजकुराबद्दल पहिली तक्रार ठरलेली असते: यातलं बरंचसं ब्लॉगवर फुकट आहे. खरं आहे. मात्र ब्लॉगवरचा चांगला तक्ता (फासा टाकून एक नोंद निवडायची यादी) ऐन सत्रात सापडत नाही, हेही तितकंच खरं. खेळाडू अचानक डावीकडच्या गल्लीत शिरले की खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या हातात दहा-पंधरा सेकंद असतात. तेवढ्यात खूण घातलेलं पान उघडतं. फोन उघडला की आधी मेसेज दिसतात. पैसे द्यायचे ते निवड, संपादन आणि मांडणीचे, आणि निवड बहुतांशी चोख आहे. तक्ते, नकाशे, राक्षस आणि छोटी साहसं हा भाग वसूल होतो. डंजन (खेळातलं धोक्याचं भुयार) कसं रचावं यावरचे विचारप्रधान लेख एकदा वाचण्यापुरते. त्यातले काही निम्म्यात आटोपले असते.

तक्ते वापरताना एक गणित लक्षात ठेवावं. वीस नोंदींच्या तक्त्यावर सहा वेळा फासा टाकला, तर एखादी नोंद दुसऱ्यांदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के असते. म्हणून वापरलेल्या नोंदीवर पेन्सिलने खूण करावी आणि तीच पुन्हा आली तर खालची घ्यावी. कागदाचा खरा फायदा इथे दिसतो. अर्थात गुळगुळीत आर्ट पेपरवर पेन्सिल उमटत नाही आणि जेल पेनची शाई पसरते. अशा पानांना चिकटचिठ्ठी बरी.

मांडणी मात्र दुधारी आहे. दर दोन-चार पानांनी रंग, अक्षरं, रकाने बदलतात. चाळायला मजा येते, पण गडद पार्श्वभूमीच्या पानांची झेरॉक्स काळीकुट्ट निघते. खेळाडूंना नकाशा द्यायचा असेल तर पीडीएफवरून राखाडी छटेत प्रिंट काढणंच योग्य. दुसरी अडचण बांधणीची. २१२ पानं पिनेने बांधता येत नाहीत, आणि ए५ आकारात एवढा जाड गठ्ठा टेबलावर आपोआप उघडा राहत नाही. पाठ मोडेपर्यंत दाबू नये. वर फाशांची पिशवी ठेवावी.

नियम जुन्या वळणाचे, म्हणजे १९८१ च्या बेसिक-एक्स्पर्ट डी अँड डीच्या ('डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या) कुळातले. डी अँड डीची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांनी उतरता एसी (बचावाचा आकडा, कमी तितका चांगला) दिसला तर १९ मधून वजा करावा: एसी ५ म्हणजे १४. एक हिट डाय (राक्षसाचा जीव ठरवणारा आठ बाजूंचा फासा) म्हणजे सरासरी साडेचार हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), त्यामुळे पाचव्या आवृत्तीच्या पात्रांपुढे हे राक्षस पहिल्याच फेरीत आडवे होतात. हिट पॉइंट दुप्पट करून सुरुवात करावी. खजिना मात्र जसाच्या तसा देऊ नये. जुन्या नियमांत सोन्याच्या नाण्यांवर अनुभवगुण मिळत, म्हणून तिथे सोनं सढळ हाताने वाटलेलं असतं.

एवढा जाड अंक नको असेल तर झीन, म्हणजे हौशी छोट्या पुस्तिका, आहेत. किकस्टार्टरने फेब्रुवारी २०१९ मध्ये झीनक्वेस्ट हा झीनसाठीचा उपक्रम सुरू केला तेव्हा अट साधी होती: ए५च्या आसपासचा आकार, एकरंगी छपाई, घडी घालून पिन. ही अट अर्थशास्त्राला धरून होती. ३२ पानं म्हणजे ए५चे १६ कागद. ८० जीएसएमला (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ते जेमतेम ४० ग्रॅम भरतात, २५० जीएसएमचं कव्हर धरून ५५. याउलट २१२ पानं १२० जीएसएमवर छापली तर नुसता आतला कागद ३९५ ग्रॅमच्या घरात जातो. देशाबाहेर पाठवताना हा फरक अंकाच्या किमतीला भिडतो. भारतात मागवणाऱ्यांनी तर टपालखर्च बघितल्याशिवाय 'स्वस्त आहे' म्हणूच नये. दोन-तीन मित्रांनी मिळून एकच पार्सल मागवावं.

स्वतः झीन काढू पाहणाऱ्यांच्या दोन चुका नेहमीच्या. पानांची संख्या चारच्या पटीत नसते, मग शेवटी कोरी पानं येतात किंवा मजकूर ताणावा लागतो. आणि पिन-बांधणीत ६०-६४ पानांच्या पुढे गेलं की घडीतली मधली पानं बाहेर सरकतात. कटिंगला पृष्ठांक आणि नकाशाची कड छाटली जाते. बाहेरच्या बाजूला दहा मिलिमीटर समास सोडला तर वाचतं.

टिकलेल्या मासिकांत 'व्हाइट ड्वार्फ'चंही नाव येतं, पण तो दाखला इथे कामाचा नाही. १९७७ मध्ये आरपीजीचं म्हणून निघालेलं ते मासिक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रकाशक गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या मिनिएचर-खेळांना (छोट्या मूर्ती मांडून खेळायच्या) वाहिलेलं झालं. त्याचा खर्च मूर्ती आणि रंगांच्या विक्रीत निघतो.

'नॉक!' घ्यावं ते आठवड्या-पंधरवड्याला खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने, आणि एकच अंक आधी. सहा सत्रांत त्यातली पाच पानंही टेबलावर आली नाहीत तर पुढचा मागवू नये. नुसत्या खेळाडूला याचा उपयोग जवळजवळ नाही, उलट साहसं आधीच वाचून होतात. चालू, सलग मोहीम हवी असलेल्यांनाही हे पुरणार नाही; इथे सुटे तुकडे आहेत, ते जोडायचं काम आपलं.