नेर्व्ही की पेल्यी? जेनोआची दोन टोकं

दोन्ही गावं 1926 मध्ये इटलीतल्या जेनोआ शहरात सामील झाली. पूर्वेला नेर्व्ही, पश्चिमेला पेल्यी.

नेर्व्हीत स्टेशनातून उतरलं की लगेच समुद्र. कड्यालगतची अनिता गॅरिबाल्डी पायवाट सुमारे दोन किलोमीटर, फुकट. मध्ये ग्रोपाल्लो बुरूज. मात्र समुद्र खवळला की लाटा थेट वाटेवर येतात.

पेल्यीत खरं आकर्षण दुराझ्झो पल्लविचिनी बाग. रंगभूमीचे नेपथ्यकार मिकेले कान्झिओ यांनी 1840 ते 1846 दरम्यान ती नाटकासारखी अंकांत रचली: चढण, गुहा, मग अचानक तळं आणि रोमन देवी डायनाचं देऊळ. मधूनच शिरलात तर गोष्टच तुटते. तिकीट लागतं, चढही दमवतो.

गुडघे कुरकुरत असतील तर नेर्व्ही; नाहीतर आमचं मत पेल्यीला, तेही कॅमेलिया फुलतात तेव्हा, वसंताच्या तोंडाशी.