गुहागरात घरावर सोलार बसवला त्याला वर्ष होत आलं, माझा अनुभव

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. पुढचं घर कौलारू, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तेवढं स्लॅबचं. त्या स्लॅबवर गेल्या जानेवारीत ३ किलोवॅटचा सोलार बसवून घेतला, चिपळूणच्या दोघा भावांची छोटी एजन्सी आहे त्यांच्याकडून. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईलच.

त्यांच्याआधी एका दुसऱ्या एजन्सीने घर न बघताच फोनवर ५ किलोवॅट सांगितला होता. हे दोघं आले ते आधी बाराही महिन्यांची बिलं मागितली, मग दुपारी चार वाजेपर्यंत थांबून माडांची सावली कुठे पडते ते खडूने स्लॅबवर आखून घेतलं. मला वाटलं आता म्हणतील माड काढा, पण धाकटा म्हणाला, काकी माड कशाला तोडायचा, आपण पॅनल पलीकडच्या कडेला सरकवू. तिथेच मी ठरवलं की काम यांनाच द्यायचं. एकूण १ लाख ९५ हजार झाले, त्यातले ७८ हजार केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या सबसिडीचे थेट माझ्या खात्यात परत आले, पोर्टलचे फॉर्म, फोटो, सगळी धावपळ त्यांनीच केली आणि बाकीच्या पैशासाठी बँकेने काही तारण न मागता कर्ज दिलं.

आता कापलेला स्टार. स्ट्रक्चर चांगलं गॅल्वनाइज्ड दिलं पण नटबोल्ट साधे लोखंडी लावले, आणि खारं वारं काय करतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, ऑगस्टपर्यंत तांबेरा चढला. माझं माहेर मंडणगडचं, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिकडची कौलं, पत्रे, पोफळी कशा उडाल्या ते बघितलंय, त्यामुळे गंजका बोल्ट बघून माझी झोपच उडाली. फोन केला तर तिसऱ्या दिवशी येऊन सगळे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे बदलून दिले, पैसे घेतले नाहीत, चूक आमची असं तोंडावर म्हणाले. तरी पहिल्यांदाच नीट लावायला हवे होते.

वीज किती बनते तर ऊन असताना दिवसाला १२ युनिटच्या आसपास, जुलैत मात्र काळोख्या दिवसांत तीन-चारवर येते. उन्हाळ्यात जास्तीची बनलेली ग्रिडला जाते ती नेट मीटरवर जमा राहते म्हणून पावसात भागतं. घरात डीप फ्रीजर, बावीचा पंप आणि मे महिन्यात आंब्याच्या पल्पचं काम, बिल २२०० पर्यंत जायचं ते आता स्थिर आकार वगैरे भरण्यापुरतं येतं. एक गोष्ट सगळ्यांनी आधी समजून घ्या, लाईट गेली की हा सोलारही बंद पडतो, कारण आपल्या छपरावरची वीज लाईनीत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी लावली तर घरापुरतं चालतं, पण खर्च बराच वाढतो, आम्ही नाही लावली.

हे सगळं करायचं डोक्यात आलं ते माझ्या भाचीमुळे. ती आणि जावई स्कॉटलंडला ॲबरडीनला असतात, जावई आधी नॉर्थ सीमधल्या तेलाच्या रिगवर होता. २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिकडे वीज-गॅसची बिलं अशी भडकली की ऑक्टोबरपासून सर्वसाधारण घराचा वर्षाचा खर्च ३५४९ पौंडांवर जाणार होता, सरकारने मध्ये पडून २५०० ला रोखला. मी तिला विचारलं अगं तुमच्याकडे समुद्रात एवढ्या पवनचक्क्या, मग वीज गॅसच्या भावाने का? तर ती म्हणाली, आत्या, हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव डोळ्यासमोर आण, आणि समज की गरज भागवायला जी शेवटची सगळ्यात महाग पाटी उचलावी लागली तिचाच भाव सकाळच्या सगळ्या पाट्यांना लावला, तसं आहे. त्या बाजारात शेवटची पाटी बहुतेक वेळा गॅसची असते. म्हणजे वाऱ्याची वीज वाढली आणि गॅसची पाटी उचलायची वेळच कमी आली की भाव उतरायला लागणार, आणि बऱ्याच नव्या पवनचक्क्यांशी तिथलं सरकार वर्षानुवर्षांचा ठरलेला भाव बांधून घेतं, बाजारात दर चढला तर वरचे पैसे ते परत करतात. हे ऐकून मला खरंच धीर आला, कारण आमच्याच तालुक्यात अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प १९९९ ला सुरू झाला आणि २००१ ला बंद पडला, वीज एवढी महाग की राज्याच्या वीज मंडळाला घेणं परवडेना. महाग इंधन आणि वाईट करार म्हणजे काय ते आम्ही दारात बघितलंय.

मला तिथलं सगळ्यात पटलं ते हे की बदलाचा खर्च कोणी उचलायचा यावर ते लोक उघड भांडतात आणि थोडं थोडं सुधारतात. तिथे जुन्या सौर-पवन योजनांचा खर्च बिलात घातलेला, म्हणजे एका खोलीत हीटर लावून बसलेली म्हातारी बाईही तो भरणार. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी त्यातला मोठा हिस्सा बिलातून काढून सरकारी तिजोरीवर घेतला, घरं उबदार करायची एक योजनाही बिलातून गेली, आणि एप्रिल २०२६ पासून सरासरी १५० पौंड कमी होतील असं जाहीर केलं. तिजोरीत ज्याचं उत्पन्न जास्त तो जास्त भरतो, बिलात तसं नसतं. माझ्या मते न्याय म्हणतात तो हाच. कामगारांचं मात्र अजून जमलेलं नाही, ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफचं, ब्रिटनमधलं कोळशाचं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं, १८८२ पासूनचा कोळशाच्या विजेचा कारभार संपला, पण त्याच दिवशी वेल्समध्ये पोर्ट टालबोटच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही थांबली आणि हजारो घरांची रोजी अडकली. जावई स्वतः वर्षभर धडपडून पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर गेला, त्याचे काही मित्र अजून वाट बघतायत. ग्रेट ब्रिटिश एनर्जी ही नवी सरकारी कंपनी मुद्दाम ॲबरडीनलाच ठेवलीय त्यावर त्यांची आशा आहे.

आणि स्कॉटलंडमध्येच एग नावाचं एक बेट आहे, जेमतेम शंभर माणसांचं, १९९७ ला रहिवाशांनी ते विकत घेतलं. घरोघरी डिझेलचा जनरेटर होता, २००८ पासून स्वतःची वीज, पाणी, वारा, ऊन तिन्हीवर. नियम असा की कोणत्याही घराला एका वेळी ५ किलोवॅटच, घर मोठं असो की लहान. मी हे सोलारवाल्या भावांना सांगितलं तेव्हा थोरला बराच वेळ गप्प होता.

कारण आमच्या वरच्या वाडीत अशी आठ-दहा घरं आहेत ज्यांना स्लॅब नाही, जागेचे कागद आजोबांच्या नावावर, बँक दारात उभी करत नाही. सबसिडी आहे पण ती नंतर मिळते, आधी पैसे घालणार कोण? थोरल्याने आता ठरवलंय की दोन घरांना १ किलोवॅट लावून द्यायचा, स्ट्रक्चर खळ्यात उभं करायचं, आणि पैसे आंबा-काजूच्या हंगामात हप्त्याने घ्यायचे. कागदांचं मी ग्रामपंचायतीत बघतेय. ब्रिटनमध्ये त्या सरकारी कंपनीने सुरुवात २०० शाळा आणि तेवढ्याच दवाखान्यांच्या छपरांपासून केली, म्हणून आमच्या प्राथमिक शाळेच्या छपराचं मापही त्यांच्याकडून फुकट काढून घेतलंय.

बसवणार असाल तर बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच, हे कोटेशनवर लिहून घ्या. पॅनल बावीच्या गोड्या पाण्याने सकाळी ऊन चढायच्या आत धुवा, मिठाचा थर बसला की युनिट कमी होतात. नंबर हवा असेल तर घरी या, स्लॅबवर चढून बघा, शिडी सध्या वरच्या वाडीत गेलीय पण रविवारपर्यंत परत येईल.